वाकड्या रस्त्याची तिसरी फेरी

फार वर्षांपूर्वी नदीकाठी एक सपाट रस्ता होता. नदी वळली की तोही वळायचा.

पुढं शेतांमधून सरळ, नवा रस्ता झाला आणि सगळ्या गाड्या तिकडं गेल्या. "नदीच्या नादी लागलास, आता बस एकटाच," नवा रस्ता फाट्यावर त्याला म्हणाला.

एका रविवारी पोस्टातल्या कुमुदिनीबाई नऊ मैत्रिणींना घेऊन सायकलवर आल्या. "इकडून जाऊ गं, काठानं सावली आहे," म्हणत त्या वळल्या. वाकड्या रस्त्यावर दहा घंट्या किणकिणल्या. काठावरचे बगळे उडाले.

"माझ्यावरून गेल्या असत्या तर केव्हाच पोचल्या असत्या," नवा रस्ता म्हणाला.

"पोचायचंय कुणाला?" वाकडा रस्ता म्हणाला. "सकाळपासून ही त्यांची तिसरी फेरी."