मधली खुंटी

यंत्रे परस्परांशी बोलत असत तेव्हाची ही गोष्ट. एका छापखान्यातील संगणकाच्या जुन्या पेटीत नवा मदरबोर्ड बसवायचे ठरले. बोर्ड तोलून धरणाऱ्या पितळी खुंट्यांपैकी मधलीसाठी नव्या बोर्डात छिद्रच नव्हते. शेजारणींचे भाग्य पाहून तिच्या मनात मत्सर मावेना.

“निघ बाई, छिद्र नसलेल्या जागी तुझा पितळी माथा टेकला तर वीज भलतीकडे वाहून बोर्ड जळून जाईल,” शेजारीण म्हणाली.

“जळू दे. वीस वर्षे सेवा मी करायची आणि मिरवायचे तुम्ही?”

कारागीर रंगनाथराव तिला फिरवू लागताच तिने आटे घट्ट आवळले. तेव्हा मेजावर काढून ठेवलेला जुना बोर्ड म्हणाला, “मुली, सेवा माझी केलीस की जागेची?”

खुंटीची पकड सैल झाली. रंगनाथरावांनी तिला उचलून पेटीच्या कडेच्या रिकाम्या भोकात, नव्या बोर्डातल्या छिद्राच्या बरोबर खाली बसवले आणि नव्या बोर्डाचा लटकता कोपरा तिच्या माथ्यावर निश्चिंत टेकला.