हिशेबात न धरलेलं तळं

फार पूर्वी, जेव्हा कासवं माणसांशी बोलत आणि माणसं ऐकूनही घेत, तेव्हाची ही गोष्ट.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावातल्या एका तरुण आईला एकच काळजी होती, पण ती एकटीच दहांना पुरून उरेल एवढी. आपल्या मुलीला पोटभर मिळत राहील ना? या विचाराने तिचा डोळ्याला डोळा लागत नसे. मुलगी मात्र शेजारी हातपाय पसरून खुशाल घोरत असे.

गावाला एक तळं होतं आणि तळ्यात चंदेरी मासे. तळ्याची राखण दर पाच वर्षांनी एका घराकडून दुसऱ्या घराकडे जाई. त्या खेपेला ती या आईकडे आली. गावाची एक रीत होती. थंडी सरली की आसपासच्या सात गावांतल्या बाया घागरी घेऊन येत आणि माशांची पिल्लं आपापल्या तळ्यांत सोडायला नेत. ही रीत कुणी घातली आणि का घातली, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं.

आई शिकलेली होती. बापाच्या पाठशाळेत गणितात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. राखण येताच तिने गेरूने भिंतीवर मांडणी केली. माशांची शंभर जोडपी. एकेकाची दहा पिल्लं जगली, तर पुढल्या वर्षी एक हजार मासे. त्यांची पाचशे जोडपी, म्हणजे त्याच्या पुढल्या वर्षी पाच हजार. मग पंचवीस हजार! त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

थंडी सरली. बाया आल्या.

"यंदा नाही हो जमायचं," आई म्हणाली. "आत्ताच पिल्लं दिली, तर पुढे वाढणार काय?"

त्यांच्यातली थोरली हसली. "अगं, आम्ही काय तळं उचलून नेतोय? घागरभर तर पिल्लं!"

"तुमची घागर भरते, पण माझी भिंतीवरची अख्खी ओळ पुसली जाते."

बाया एकमेकींकडे बघत परत फिरल्या. जाता जाता एकीने टोमणा मारलाच, "चला, रिकामी घागर हलकी असते, एवढं तरी बरं!"

पहिल्या वर्षी तळं नुसतं चमचमत होतं. आईने सगळ्यांना हौसेने नेऊन दाखवलं. दुसऱ्या वर्षीही तिने बायांना रिकामं पाठवलं. आणि मग काहीतरी बिघडलं. गेल्या वर्षीचे मासे बोटाएवढेच राहिले. डोकी मोठी, अंगाची काडी. नवी पिल्लं तर दिसेनाशीच झाली. आईने बगळे हाकलले, खंड्याला हाकललं, काठावर बुजगावणं उभं केलं. काही उपयोग झाला नाही. उन्हाळ्यात पाणी आटलं तसे मासे वर येऊन तोंडं उघडू लागले.

गाव कुजबुजू लागलं, "शिकलेल्या बाईकडे राखण गेली आणि मासे उपाशी मरायला लागले."

आई काठावर बसून रडू लागली. तिची मुलगी शेजारी बसून तळ्यातल्या म्हाताऱ्या कासवाला भाकरीचे तुकडे भरवत होती.

"कोण खातंय गं तुझे मासे?" कासवाने विचारलं.

"तेच तर कळत नाही! बगळे नाहीत, खंड्या नाही."

"मग तळ्यात उरलं कोण?"

"मासेच."

"झालं तर." कासवाने मान लांब केली. "पोरी, बगळा दिसतो म्हणून हाकलता येतो. पण माशाच्या तोंडचा घास मासाच पळवतो. तोच किडा, तेच शेवाळ, तोच श्वास सगळ्यांना हवा. थोडे होते तेव्हा भराभर वाढले. दाटी झाली तसे थांबले. अर्धपोटी मासा अंडी घालणार कशी? आणि घातली, तरी पिल्लं खाणार काय?"

"पण माझं गणित..."

"गणित चोख आहे गं. फक्त त्यात तळं धरायचं राहिलं."

आईने पदराने तोंड झाकलं. बापाची अख्खी पाठशाळा आपल्याकडे बघतेय असं तिला वाटलं. मग ती उठली आणि भर उन्हात सातही गावं पायी फिरली.

"ताई, चुकले मी," ती थोरलीला म्हणाली. "पिल्लं नाहीत, खुरटलेले मासे आहेत. चालतील का?"

"चालायला कशाला हवेत? पोहले म्हणजे झालं," थोरली म्हणाली आणि तिने घागर उचलली.

अर्ध्याहून अधिक मासे सात तळ्यांत गेले. मागे राहिलेले एका पावसाळ्यात वीतभर झाले. पुढल्या साली पिल्लांनी काठ भरून गेला. भिंतीवर लिहिलं होतं तेवढी नव्हती, पण तळ्याला पेलतील तेवढी होती.

त्यानंतरच्या वर्षी मोठा पूर आला. बांध फुटला आणि मासे नदीला लागले. गावाने बांध पुन्हा घातला, पाणीही साठलं, पण त्यात औषधालासुद्धा मासा नव्हता. आईची झोप पुन्हा उडाली.

एका सकाळी बांधावर सात बाया दिसल्या. डोक्यावर घागरी, पदर ओलेचिंब.

"रिकामी घागर हलकी असते," टोमणा मारणारी म्हणाली, "म्हणून भरून आणली!"

"तुझेच आहेत गं," थोरली म्हणाली. "माहेरी आणलेत."

आई एकेकीच्या पाया पडू लागली, तशी थोरली ओरडली, "पाया मागाहून पड, आधी घागर धर, मासे तडफडताहेत!"

तेव्हा बाळांनो, आणि बाळांच्या आयांनो, कवटाळून ठेवलेलं आपापसांतल्या दाटीनेच खुरटतं, आणि वाटून जागा केली की तेच वाढून आपल्याकडे परत येतं.

हे त्या आईला पुरतं पटलं होतं. तरी पहिली घागर कलती झाली, चंदेरी मासे पाण्यात उतरू लागले, आणि सवयीने तिचे ओठ हललेच, "एक, दोन, तीन, चार..."

मुलीने तिचा पदर ओढला.

"आई, मासे काय मोजतेस? आधी तळं मोज."