तोंड कुणाचं रंगलं?

“महाराज, हे बघा! तुमच्या धावपटूचं रक्त!” शेजारच्या राज्याचा दूत भर दरबारात आपला पांढरा अंगरखा फडकावत ओरडला. अंगरख्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत लाल पट्टा उमटला होता.

दोन राज्यांमध्ये दरवर्षी गड चढण्याची शर्यत होई आणि दरवर्षी राजा अजिंक्यरावाचा वाघोजी ती जिंके. यंदाही तोच जिंकला. पण माथ्यावर पोचताना त्याच्या पायात काटा मोडला आणि अशी चिळकांडी उडाली, की लांब उभा असलेला दूत न्हाऊन निघाला.

“एका माणसात एवढं रक्त मावत नाही!” दूत म्हणाला. “मी गडावर शोध घेतला. टाक्याच्या थंडगार पाण्यात रक्ताची मडकी बुडवून ठेवलेली सापडली! थंडीत वाघोजीचं रक्त काढायचं, अंगात नवं भरून आलं की शर्यतीच्या आदल्या दिवशी जुनं परत भरायचं. धावतो एक, रक्त दीड माणसाचं! दोषी कोण? उद्या मी निघायच्या आत सांगा, नाहीतर शर्यत कायमची बंद आणि मुलूखभर तुमची छी-थू!”

राजाने वाघोजीकडे पाहिलं.

“मला काय ठाऊक, महाराज? वस्ताद म्हणाले डोळे मीट, मी मिटले!”

“मी फक्त पळायला शिकवतो,” वस्ताद म्हणाला. “अंगात काय भरतात ते वैद्यराज जाणोत.”

“मी हुकमाचा ताबेदार,” वैद्यराज म्हणाले आणि त्यांनी कारभाऱ्यांकडे बोट केलं.

“मी? अहो, मला रक्त बघून घेरी येते!” कारभारी गरजले. “पण मला सांगा, त्या टाक्यावर रोज कोण जातं?”

टाक्यावर रोज जाई सटवा पाणक्या. टाक्यातून पखाल भरून वाड्यात पाणी घालायचं, हे त्याचं काम.

“मग झालं तर!” राजा म्हणाला. “उद्या सटवाचा कडेलोट!”

बातमी ऐकून सटवाची मुलगी आवडी धावत दरबारात आली.

“महाराज, आमच्या आबांना साधी पखाल नीट शिवता येत नाही, ते माणसात रक्त काय भरणार?”

“मग खरा दोषी तू दाखव!” राजा हट्टाला पेटला. “पण कुणाला प्रश्न विचारायचा नाही, धमकावायचं नाही, झडती घ्यायची नाही. दोषी आपणहून बोलला पाहिजे! आहे कबूल?”

“कबूल! पण महाराज, शर्यतीचे विडे वाटायचे राहिलेत की!”

त्या राज्याची तशी रीतच होती. जिंकण्यात ज्याचा हात असेल त्याने दरबारात उभं राहून आपला पराक्रम सांगायचा आणि मानाचा विडा घ्यायचा. पराक्रम नाही सांगितला तर विडा नाही. कुणाचा विडा कुणाच्या आधी, यावरून घराघरांत वर्षानुवर्षं अबोला असे.

“उद्या विडे वाटा,” आवडी म्हणाली. “त्याआधी जाहीर करा, की सटवा दोषी ठरला, दूत परत गेला आणि प्रकरण मिटलं.”

“अगं आवडे!” सटवा किंचाळला. “तू माझी पोरगी की त्यांची?”

दुसऱ्या दिवशी राजाने तसंच जाहीर केलं. सटवाला खांबाला बांधलं. दूत चिकाच्या पडद्याआड बसला, हे राजा आणि आवडीखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. आवडी चांदीचं तबक घेऊन उभी राहिली.

“पहिला मान महाराजांचा! पण रीत म्हणजे रीत. आधी पराक्रम!”

पडद्याआड दूत आहे हे विसरून राजाने मिशीवर ताव दिला. “मी कारभाऱ्यांना बजावलं होतं, ‘यंदा हरलो तर तुमची गय नाही. कसं जिंकायचं ते तुम्ही बघा, मला सांगू नका!’ त्या एका वाक्यावर शर्यत जिंकली!” आणि विडा तोंडात टाकला.

कारभाऱ्यांना राहवेना. “पण त्या वाक्याचा अर्थ कळला कुणाला? मला! वैद्यांना मीच बोलावलं, मडकी मीच घडवून घेतली!”

“मडकी कुणीही घडवील!” वैद्यराज उसळले. “मोराच्या पिसाच्या नळीने रक्त भरायची अक्कल कुणाची?”

“आणि वाघोजीला दाबून कोण बसलं?” वस्ताद पुढे घुसला. “हा काय सुखासुखी टोचून घेतो?”

“अहो, पण रक्त कुणाचं होतं?” वाघोजी रडकुंडीला आला. “माझं! आणि मलाच शेवटचा विडा?” एकेक करत चौघांनीही आपापला विडा तोंडात टाकला आणि तबक रिकामं झालं.

इतकी शहाणी माणसं असं कसं बोलून बसली, याचं मला अजून नवल वाटतं. पण आपला विडा दुसऱ्याच्या तोंडात जाताना बघणं कदाचित फार अवघड असावं.

पडदा सरकला. दूत बाहेर आला. चौघांच्या तोंडातले विडे तिथेच थांबले.

“सापडले!” राजा गरजला. “चारही चोर सापडले! चौघांचा कडेलोट!”

“महाराज, पाच,” आवडी म्हणाली.

“पाचवा कोण?”

“तोंडं रंगलेली मोजा!” आणि तिने रिकामं, लखलखीत तबक राजासमोर आरशासारखं धरलं. तबकात राजाला आपलेच ओठ दिसले. लालबुंद!

“आणि महाराज, कडेलोटही विड्यांच्याच क्रमाने होऊ द्या. रीत म्हणजे रीत. पहिला मान आपला!”

राजाने तबकात पुन्हा एकदा पाहिलं, विडा कसाबसा गिळला आणि पोट धरधरून हसायला लागला. “पोरी, तू तर मलाच कड्यावर नेऊन उभं केलंस!”

कडेलोट रद्द झाला. जिंकलेली मानाची ढाल दूताच्या हाती गेली. पुढच्या शर्यतीपर्यंत टाक्याचं पाणी त्या पाच जणांनी वाहायचं ठरलं, आणि पहिली पखाल राजाची! आपल्या मनगटातलं सोन्याचं कडं काढून राजाने आवडीला दिलं. मग सटवाला सोडवून, नवा विडा करवून राजाने स्वतः पुढे केला.

“घे सटवा, हा तुझ्या मानाचा!”

सटवा टुणकन मागे सरला.

“नको महाराज! तोंड रंगेल!”