येतेकड्यावरची घागर

येतेकड्याच्या अलीकडे रान इतकं दाट, की भरदुपारीही अंधारून येतं. दरीपलीकडे मात्र नुसता भाजलेला माळ आणि निवडुंग. मधल्या दरीचा तळ कुणी पाहिलेला नाही. कड्याच्या टोकाशी काठोकाठ भरलेली एक घागर ठेवलेली असते. आलेल्या पाहुण्यांना इथली ठमाआजी आधी त्या घागरीपाशी बसवते आणि मग गोष्ट सांगते.

ही जमीन मूळची इथली नव्हे, म्हणे. कुठल्याशा थंडगार दक्षिणेतून ती समुद्र कापत आली, पाठीवर झाडं, साप, बेडूक घेऊन. दमली तेव्हा इथं टेकली. माणसांना तिनं राहू दिलं, पण बजावलं, की माझ्या पाठीवर कुणी 'जाते' म्हणू नका. मी चालणारी आहे. मला वाटेल, मलाच निघायचंय.

तेव्हा दरी नव्हती. सगळीकडे सारखा पाऊस, सारखं रान. तिथं नवसी नावाची बाई नांदत होती. तिचं पहिलंच लेकरू, नुकतं रांगायला लागलेलं, त्याला ताप भरला. नवसीचा जीव थाऱ्यावर नव्हता. घडीघडी त्याच्या कपाळाला हात लावून बघायची. थोरली जाऊ हसली.

"आम्ही काय दगड जन्माला घातले? तुझंच पोर तेवढं लोण्याचं."

नवसीला ते फार लागलं. लेकरू जांभळीला बांधलेल्या झोळीत निजलं होतं, औषधी पाला आणायला पश्चिमेच्या रानात जायचं होतं. एरवी ती 'येते' म्हणून निघायची. त्या दिवशी फणकाऱ्यानं बोलून गेली, "जाते मी. सांभाळा त्याला."

आवाज काहीच झाला नाही. जावेच्या हंड्यातलं पाणी तेवढं एका बाजूला कललं.

नवसी पाला घेऊन परतली तर वाटेत भेग. ओलांडायला पाय उचलला, तोवर ती रुंदावली. नवसीच्या पायाखालची कड वर वर चढत चालली. पलीकडे झोळी हलत होती.

"येते गं माय, येते," ती जमिनीला विनवत राहिली. जमिनीनं ऐकलं, चाल मंद केली, पण थांबली नाही. नख वाढतं तेवढी ती अजून सरकते, असं सांगतात.

उचललेल्या कडेला ढग अडू लागले. नवसीकडे पाऊस कोसळायचा, पलीकडे थेंब नाही. इकडचे बेडूक हिरवेगार झाले, तिकडचे मातकट. होते एकाच पोटचे, पण एकाची साद दुसऱ्याला ओळखू येईना. नवसी रोज कड्यावर येऊन हाक मारायची आणि धुकं ती हाक गिळायचं. तिकडं जावेनं पोर तहानेवर वाढवलं. पलीकडच्या माणसांची बोलीसुद्धा हळूहळू सुकून वेगळी झाली.

बऱ्याच पावसाळ्यांनी एकदा धुकं फाटलं. पलीकडे एक उंच, काटकुळा गडी उभा होता. नवसीनं त्याला कपाळावरून ओळखलं.

"ये," ती म्हणाली.

त्यानं मान कलती करून ऐकलं. काहीतरी बोललाही. तिला त्यातला एकही शब्द उमजला नाही, आणि तिचा 'ये' त्याला. मग तो माळाकडे वळला.

आजही इथून निघताना 'येते' म्हणावं लागतं. पाहुणे पाठीवर पिशव्या चढवतात, कुणी हसत म्हणतं, कुणी विसरतं. ठमाआजी त्यांच्या तोंडाकडे बघत नाही. ती घागरीतल्या पाण्याकडे बघत असते.