बोलावलेली

हॅरिएट शिकागोच्या बड्या साबणवाल्याची एकुलती एक मुलगी. इंग्लंडचा तरुण उमराव एडमंड तिच्या प्रेमात पडला आणि लग्न ठरलं. त्याच्या आईनं, लेडी विनिफ्रेडनं, नाक मुरडलं. साबणवाल्याची पोर आणि या घरात!

त्या घराण्याची एक रीत होती. येणाऱ्या सुनेनं भरल्या दिवाणखान्यात, मूळपुरुषाच्या तसबिरीसमोर आपल्या सात पिढ्या सांगायच्या. अडखळली, की लग्न मोडलं. हॅरिएटला आजोबांपलीकडचं नाव ठाऊक नाही, हे बाईंना पक्कं माहीत होतं.

"सांग," ठरल्या दिवशी तसबिरीसमोर बाई म्हणाल्या. "का समुद्रापलीकडून कुणीही उठावं आणि या घरात शिरावं?"

हॅरिएटनं मान खाली घातली नाही. तसबिरीतल्या चिलखतवाल्याकडे बोट करून तिनं विचारलं, "हे कुठले?"

"सर गिल्बर्ट! आठशे वर्षांपूर्वी फ्रान्सहून गलबतातून आले आणि तलवारीच्या जोरावर ही जमीन घेतली," बाई ताठ मानेनं म्हणाल्या.

"म्हणजे तेही समुद्रापलीकडचेच. त्यांनी कुणाला सात पिढ्या सांगितल्या?" हॅरिएट म्हणाली. "फरक एवढाच, की ते न बोलावता घुसले. मला तुमच्या मुलानं चिखलात गुडघे टेकून बोलावलंय."

आता हा 'असं काही झालंच नाही' म्हणेल, या आशेनं बाईंनी मुलाकडे पाहिलं.

एडमंड उठला आणि हॅरिएटच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"खरंय, आई. ती विजार अजून धोब्याकडे आहे."