मधली नळी

"नाव कुमुदीन ठेवू का, बाई?"

"कुणाचं?"

"आपल्या रेणूचं."

डॉ. कुमुद आठल्ये यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि आपल्या विद्यार्थ्याकडे पाहिलं. रणधीर खराडे छापलेला शोधनिबंध हातात घेऊन उभा होता. नव्या पदार्थाला नाव देण्याचा मान तो शोधणाऱ्याचा असतो आणि रणधीरने तो आपल्या गाईडबाईंना देऊ केला होता. खुशामत होती, पण मनापासूनची होती.

"बारशाची घाई करू नकोस," बाई म्हणाल्या. "आधी पाळण्यात कोण आहे ते बघू."

रणधीर हसला. त्याला वाटलं, बाई नेहमीसारखी थट्टा करताहेत.

गोष्ट एका वेलीची होती. शेळ्यांच्या पोटात जंत झाले की घाटातले धनगर या वेलीची मुळी उगाळून पाजतात. बाईंच्या प्रयोगशाळेने त्या मुळीतून जंत मारणारा पदार्थ वेगळा काढला होता. पोतंभर मुळी कुटावी, तेव्हा चिमूटभर पांढरी पावडर हाती लागे.

मग रणधीरने त्या पावडरीची रचना ठरवली. कुठला अणू कुणाला जोडलेला, अणूंचा कुठला गट कागदाच्या वर आलेला, कुठला खाली गेलेला, हे सगळं त्याने फळ्यावर काढलं. आणि तिथेच न थांबता, मुळीला हातही न लावता, बाटल्यांतल्या साध्या रसायनांपासून पायरीपायरीने तोच पदार्थ तयार केला. त्यात चार वर्षं गेली. ठरलेलं लग्न दोनदा पुढे ढकललं गेलं.

हात मात्र सोन्याचा. ज्या पायरीला इतरांच्या फ्लास्कात डांबर उरायचं, तिथे याच्या फ्लास्कात स्फटिक पडायचे. हे त्याला ठाऊक होतं. इतरांना ठाऊक आहे, हेही ठाऊक होतं.

निबंध आजच पाठवायचा होता. परदेशातले कुणीतरी याच वेलीच्या मागे लागल्याची कुणकुण होती. ज्याचं आधी छापून येईल, शोध त्याचा. उशीर झाला तर रणधीरची चार वर्षं दुसऱ्याच्या निबंधाखाली तळटीप होऊन बसली असती. बाईंच्या होकाराशिवाय मात्र काहीही जाणार नव्हतं.

"पशुवैद्यकीय कॉलेजचं काय?" बाईंनी विचारलं.

"त्यांचं काय?"

"त्यांच्या चाचणीत मुळीतल्या पावडरीनं जंत मेले. तुझ्या पावडरीनं मेले नाहीत."

"त्यांच्या जंतांतच काहीतरी गडबड आहे, बाई."

आपल्या रेणूवर संशय घेण्यापेक्षा जंतांवर घेणं सोपं. जंत उलटून बोलत नाहीत.

"एनएमआरचा आलेख?"

"जुळतो."

"सगळा?"

"एक टोक जरासं सरकलंय. सॉल्व्हंटमध्ये ओल असणार." रणधीरने ते वाक्य इतक्यांदा म्हटलं होतं की आता त्याला ते खरंच वाटत होतं. "पण मेल्टिंग पॉइंट तंतोतंत आहे, बाई. मुळीतला एकशे बेचाळीस. माझा एकशे बेचाळीस."

"दोन शेजाऱ्यांची उंची सारखी निघाली म्हणून ते भाऊ ठरत नाहीत." बाईंनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. "मिश्रणाचा घेतलास?"

रणधीर हातातले कागद सारखे करू लागला.

ही जुनी, स्वस्त आणि अतिशय दुष्ट परीक्षा आहे. दोन पावडरी एकाच पदार्थाच्या असतील, तर त्या एकत्र खलल्या तरी आपल्या नेहमीच्याच तापमानाला वितळतात. पदार्थ वेगवेगळे असतील, तर मिश्रण त्याच्या कितीतरी आधी ढासळतं. वेगवेगळं विचारलं की दोघंही ठाम असतात. एकत्र बसवलं की बिंग फुटतं.

"नाही घेतला," तो शेवटी म्हणाला. "मुळीतली पावडर चिमूटभरच उरलीय. तीत दुसरं काही मिसळलं की गेली. म्हणून जपून ठेवलीय."

"जपून ठेवलीयस, की टाळतोयस?"

"बाई, निबंध तयार आहे. आठ दिवस गेले तर ते लोक..."

"आण ती बाटली."

त्याने आणली. बोटाच्या पेराएवढी बाटली होती आणि तिच्या तळाशी पावडरीची एक पुसट रेघ. शेजारी त्याने स्वतःच्या पावडरीची बाटली ठेवली. ती गळ्यापर्यंत भरलेली होती.

बाईंच्या प्रयोगशाळेत एक रीत होती. ज्याने पदार्थ केला, त्याने त्याचा मेल्टिंग पॉइंट बघायचा नाही. आईला आपल्या पोराचं नाक सरळच दिसतं, एवढंच कारण बाई सांगत. म्हणून त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या तस्नीम मुजावरला हाक मारली. तीही त्यांचीच विद्यार्थिनी, रणधीरच्या एक वर्ष मागची.

बाईंनी स्वतः केसासारख्या बारीक काचेच्या तीन नळ्या भरल्या. डावीकडे मुळीतली पावडर. उजवीकडे रणधीरची. मधे दोन्हींचं मिश्रण.

"कशात काय आहे?" तस्नीमने विचारलं.

"ते तुला कशाला हवंय? काय दिसतं तेवढं सांग."

तस्नीम भिंगाला डोळा लावून बसली. बाईंनी यंत्र चालू केलं. रणधीर तिच्या मागे उभा राहिला, हाताची घडी घालून. ती घडी सुटू नये म्हणून त्याने स्वतःचेच दंड घट्ट धरले होते.

तापमान सावकाश चढू लागलं.

शंभर झाले... एकशे दहा...

"मधली ओली दिसतेय," तस्नीम म्हणाली.

"नीट बघ," रणधीर म्हणाला.

"नीटच बघतेय. बाहेरच्या दोन्ही कोरड्या ठणठणीत आहेत. मधली खाली बसली... आता पाणीच झालं तिचं."

काटा अजून एकशे अठराच्या आसपास होता.

रणधीरचा हात बटणाकडे गेला. बाईंनी त्याचं मनगट धरलं.

"बंद करू नकोस."

"कळलं, बाई. आता कशाला उगीच..."

"पूर्ण होऊ दे."

त्यांनी मनगट सोडलं नाही. वयाने सुकलेला तो हात होता, पण पकड पक्की होती. गुरूने शिष्याला धरून ठेवायचं ते अशाच वेळी. एरवी तो कुठेही गेला तरी फारसं बिघडत नाही.

एकशे बेचाळीसला बाहेरच्या दोन्ही नळ्यांतल्या पावडरी एकाच क्षणी वितळल्या.

"दोन्ही एकदमच," तस्नीम खुशीत म्हणाली. "काय सुरेख वितळल्या." मग तिने मागे वळून रणधीरचा चेहरा पाहिला आणि आपल्या टेबलाकडे गेली.

रणधीर स्टुलावर बसला. त्याला रडू येत होतं, आणि ते येतंय याचा रागही येत होता. बराच वेळ तो नळ्यांकडेच बघत राहिला.

मग त्याने मान वर केली. आवाज कोरडा होता, पण ठाम होता.

"संश्लेषणात चुकलो असणार. सातव्या पायरीत, नाहीतर नवव्या. मी सगळं पुन्हा करतो, बाई. पहिल्यापासून. वर्ष लागलं तरी चालेल."

"प्रत्येक पायरी तपासली होतीस?"

"हो."

"शेवटच्या स्फटिकाचा क्ष-किरणांनी फोटो काढला होतास?"

"तुम्ही स्वतः पाहिलात तो. फळ्यावर जे काढलं होतं, अणू न् अणू तेच बनलंय."

"आणि मुळीतल्या पदार्थाचा फोटो?"

"त्याचे एवढे मोठे स्फटिक कधी पडलेच नाहीत. त्याची रचना आपण आलेखांवरूनच..."

तो थांबला.

"मग सातव्या पायरीत काय शोधणार आहेस?"

रणधीरची नजर हळूहळू फळ्याकडे गेली. तिथे त्याची आकृती होती. षटकोनाला षटकोन, त्याला पंचकोन, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं 'पुसू नये'. इतक्या दिवसांत कुणी पुसली नव्हती. झाडणारासुद्धा तेवढा भाग सोडून फडकं मारत असे.

"आकृती," तो म्हणाला.

"वेलीनं तुझी आकृती पाहिलेली नाही, रणधीर."

तो उठला. फळ्याशी जाऊन त्याने एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथे. हा गट मी वर काढला. तो खाली असणार. ते सरकलेलं टोक हेच सांगत होतं. मी त्याचं खापर ओलीवर फोडलं."

बाईंनी टेबलावरचं डस्टर उचललं.

"एवढं एकच बदलतो. बाकी सगळं बरोबर आहे."

बाईंनी डस्टर पुढे केलं. रणधीरने तेवढाच कोपरा पुसला, नवी रेघ मारली आणि डस्टर परत द्यायला हात लांब केला.

बाईंनी ते घेतलं नाही.

तो तसाच उभा राहिला... हात लांब केलेला, बोटांना खडू लागलेला. नुकताच बदललेला कोपरा त्याने पाहिला. तोही त्याने असाच ठरवून टाकला होता, मुळीला न विचारता.

मग तो वळला आणि त्याने अख्खा फळा पुसला. 'पुसू नये'सकट. पुसायला वेळ लागला, कारण खडू फार दिवसांचा होता.

"ते लोक आधी छापतील," तो फळ्याकडे तोंड करूनच म्हणाला.

"छापतील कदाचित."

"मुळी पुन्हा आणावी लागेल. या खेपेला जास्त. स्फटिक मोठे पडेपर्यंत सोडायचं नाही."

"लागेल."

"सोमवारी घाटात जातो."

"जा."

त्याने निबंधाचे कागद उचलले, मधोमध दुमडले आणि केराच्या टोपलीत टाकले. चेहरा अजून ओढलेला होता, पण खांदे पुन्हा सरळ झाले होते. दाराशी जाऊन तो परत फिरला. टेबलावर त्याची ती गळ्यापर्यंत भरलेली बाटली होती. तिच्याकडे त्याला बघवत नव्हतं.

"आणि हे, बाई? इतकं निगुतीनं केलेलं... सगळं फुकटच गेलं ना?"

बाईंनी बाटली उचलली आणि खिडकीतल्या उजेडात धरली. आतली पावडर शुभ्र होती, कुठे डाग नाही की कण नाही. त्या बराच वेळ तिच्याकडे कौतुकाने बघत राहिल्या...

"तुझा हात इतका पक्का नसता, तर आपण दोष हाताला दिला असता आणि आकृतीतली चूक कुणालाच सापडली नसती."