खापरटेकडीचा वाल

“चाहू, या गावाला आपण डोळ्यांसमोर नकोसे झालोय. मी वाटेत दिसलो की माणसं वाट सोडून बांधावर चढतात. शिमग्याला जातो, तो परत यायचा नाही.”

हे बोलणं ज्या कुडाच्या भिंतीआडून ऐकलं गेलं असं सांगतात, तो कूड आता नाही. तिथे शाळेची पक्की इमारत आहे आणि इमारतीच्या मागे खापरांची टेकडी आहे. चिंचघोळ गावात पाहुणा आला की गावचे पोशानाना त्याला आधी तिथे नेतात. टेकडीवर चढायचं ते चपला काढून. पायाखाली कुरकुरतात ती सगळी मडक्यांची खापरं, आणि खापरांवरून गुडघाभर पसरलेले ते वालाचे वेल. हा वाल कुणी पेरलेला नाही. “पेरणारी होती एक,” नाना म्हणतात, “पन तिला ठाव नव्हतं आपुन पेरतोय.”

तिचं नाव ठकू. खाडीपलीकडच्या गावातून लग्न होऊन नुकतीच आली होती. बोलायची इतकी कमी, की सासरी पहिले काही दिवस तिला मुकीच समजले, म्हणे. पण पदराआड राहणाऱ्या बाईचा एक फायदा असतो. तिला कुणी बघत नाही, त्यामुळे तिला सगळे नीट दिसतात.

त्या साली उधाणाच्या भरतीने खारबांध फुटला होता. उभ्या भातात खाडीचं पाणी शिरलं आणि शेतं मिठागरासारखी पांढरी पडली. घराघरात कण्या, त्यासुद्धा मोजक्या. माळावर हाताएवढ्या तुकड्यात लावलेला वाल तेवढा वाचला होता. अशा दिवसांत ठकू शाळेमागे शेण गोळा करत होती आणि कुडातून ओगले मास्तरांचा आवाज आला. समोर ऐकणारा होता चाहू. शाळेची झाडलोट करणारा, घंटा वाजवणारा आणि मास्तरांसाठी पाणी भरणारा तो एकटाच. मास्तर रागाने बोलले असते तर ठकूला एवढं लागलं नसतं. ते थकून बोलत होते.

माणसं बांधावर का चढतात, हे ठकूला ठाऊक होतं. तिचा सासराही चढायचा. त्या मुलखाची रीतच अशी, की मानाचा माणूस वाटेत भेटला तर त्याला घरी नेऊन पानावर बसवल्याशिवाय सोडायचं नाही. नुसता रामराम करून पुढे जाणं म्हणजे अपमान. आणि घरात पानावर वाढायला काही नाही. मग भेटायचंच कशाला? तोंड चुकवणं हाच त्या साली गावाने मास्तरांना दिलेला मान होता. मास्तर देशावरचे. त्यांना हा मान कसा कळावा?

मास्तर गेले की शाळा बंद. दुसरी शाळा खाडीपलीकडे, आणि भरतीच्या खाडीत पोरांना कोण घालणार? ठकूचा धाकटा दीर नुकता पाटीवर आपलं नाव काढायला शिकला होता. शेणाच्या हातांनी ती घरी आली आणि सासूला एवढंच म्हणाली, “मास्तर जायाचं म्हनतात.”

सासू ढाकलाबाय. तिच्या कानावर पडलेल्या गोष्टीला दवंडीची गरज नसे. दिवस मावळायच्या आत शाळेत जाणाऱ्या पोरांचे आईबाप तिच्या ओटीवर जमले. मास्तर आणि चाहू दोघांना मानाने जेवू घालायचं, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत झालं. कशाने, ते मात्र कुणाला सुचेना.

बाळाराम पाटलाची शेतं वरच्या अंगाला. त्याच्याकडे भात होता. तो चांगल्या मनाने म्हणाला की मी एकटा घालतो जेवण, तुम्ही नुसते बसा. कुणी नाही म्हटलं नाही, पण मानही कुणी हलवली नाही. शेवटी म्हातारा कमळ्या म्हणाला, “मग मास्तर बी तुझाच झाला ना रं, बाळाराम?” मग कुणी सुचवलं की जो तो आपापल्या घरून काहीतरी आणील. त्यावर जो तो खाली बघू लागला. आपल्या ताटलीत काय आहे ते मास्तर बघणार, आणि उद्या वर्गात आपल्या पोराकडे बघताना त्यांना ती ताटली आठवणार. हे कुणी बोललं नाही. पण उंबऱ्याच्या आत बसलेल्या ठकूला ते बोलल्यासारखं ऐकू आलं.

ती उठली. माहेरून लग्नात आलेलं रंगवलेलं मडकं तिने ओटीच्या मधोमध आणून ठेवलं. तोंडावर फडकं टाकलं. ओच्यात धरलेल्या वालाच्या शेंगा घेऊन फडक्याखाली हात घातला, आत सोडल्या, रिकामा हात बाहेर काढला. किती सोडल्या ते कुणालाच दिसलं नाही. मग ती परत उंबऱ्याआड जाऊन बसली.

ढाकलाबाय मडक्याकडे बघत राहिली. “माझी सून बोलत नाय,” ती म्हणाली, “आज मडक्यानं बोलली.”

पोपटी करायची ठरली, म्हणजे शेंगा पाल्यासकट मडक्यात कोंडून जाळात भाजायच्या. पोपटीला तेल लागत नाही, पाणी लागत नाही, भांडीकुंडीही लागत नाहीत. त्या साली गावात जे जे नव्हतं, त्यातलं काहीच तिला लागत नाही. लागतो भांबुर्ड्याचा पाला, तो रानात फुकट. लागतं मीठ, त्याची तर शेतंच झाली होती. बाळारामाने एक शंका मात्र काढली. झाकल्या मडक्यात हात घातला की माणूस शेंग टाकतो की खडा, ते देवालाच माहीत. भीती सगळ्यांनाच तीच होती.

दुसऱ्या दिवशी ठकू मडकं डोक्यावर घेऊन दारोदार फिरली. दारात थांबायचं, खाली बसायचं आणि पाठ फिरवायची. मागे फडकं हलायचं. पुन्हा मडकं डोक्यावर. काय पडलं हे तिने एकदाही पाहिलं नाही, पण वजन मानेला कळतं. ज्या घरात चूल एक वेळच पेटते हे तिला माहीत होतं, तिथून निघताना मान सर्वांत जास्त दबली. तिला वाटलं, खडाच असावा. एका दारात हात आत गेला तो बराच वेळ बाहेर आलाच नाही. दारामागे कुणीतरी नाक ओढलं. मग मडकं जड झालं. फिरून आली तेव्हा तिला पायरी चढवेना, असं सांगतात.

न बघताच तिने वरून मीठ-ओवा घातला, तोंडात पाला गच्च कोंबला आणि शाळेमागे मडकं उपडं घातलं. भोवती पेंढा, वाळका पाला, गोवऱ्या रचून जाळ केला. मास्तरांना आणि चाहूला पोरं हाताला धरून घेऊन आली. मास्तर आले खरे, पण निरोपाला आल्यासारखे. ज्यांनी त्यांना बघून वाट सोडली होती, ते सगळे तिथे उभे होते आणि आता त्यांना चढायला बांध नव्हता.

मडक्यावर पाणी शिंपडलं. थेंब चर्र होऊन उडाले. पोपटी झाली. ढाकलाबायने मडकं उचलून केळीच्या पानांवर ओतलं.

एकही खडा नव्हता. पण जे होतं ते बघून बायांनी पदर तोंडाला लावला. शेंगा होत्या त्या टपोऱ्या, वेलावर अखेरपर्यंत राखायच्या, बियाण्याच्या. कोनफळाचे तुकडे होते ते लावणीसाठी मातीत पुरून ठेवलेले. अंडी होती ती खुडूक कोंबडीच्या खालून काढलेली. प्रत्येक घराला वाटलं होतं की आपण एकट्यानेच हे केलं. कुणी बघत नसताना गावाने आपलं पुढलं साल मडक्यात टाकलं होतं. बाळारामाने डोक्याचं पागोटं काढून हातात घेतलं. त्याच्याही शेंगा त्यातच होत्या.

मास्तरांनी शेंग उचलली होती. चाहूने त्यांच्या कानाशी लागून सांगितलं की हे बियाणं आहे. मास्तरांचा हात जागीच थांबला. हे खाल्लं तर गाव पेरणार काय, आणि न खाता उठलं तर गावाने तोंड कुठे लपवायचं? पानांवरची वाफ तेवढी वर जात होती. तेव्हा, आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत, ठकू बोलली.

नाना इथे थांबतात आणि नंतरचं आधी सांगतात. मास्तर जेवले. चाहू जेवला. मग गावाने उरलेलं वाटून खाल्लं. जाळाने तडकलेलं मडकं तिथेच फुटलं आणि खापरं तिथेच राहिली. मास्तर शिमग्याला गेले नाहीत, त्यानंतरच्याही नाहीत. म्हातारे होऊन याच गावात वारले. त्यांना बघून बांधावर चढणं त्याच दिवशी संपलं, घरात वाढायला काही असो वा नसो.

आणि पाऊस सरल्यावर त्या खापरांतून वालाचे वेल वर आले. भाजलेलं बी उगवत नाही, हे तिथल्या बायकांना कुणी शिकवायला नको होतं. त्या नुसत्या भोवती उभ्या राहिल्या, म्हणे, आणि कुणीतरी आपसूक चपला काढल्या. त्या वेलांच्या शेंगा घराघरांत बियाण्याला पुरल्या. शिकलेले पाहुणे नानांना सांगतात की मडक्याच्या तोंडाशी पाल्यात अडकलेल्या शेंगा कच्च्या राहिल्या असतील. नानांना ते मान्य आहे. “राहिल्या आसतील. माझ्या आयुष्यात पोपटी कच्ची राहिलेली मी पाह्यली नाय. त्याच दिशी का राहिली, तेवढं सांगा.” पाहुणा टेकडीकडे बघत राहतो.

आजही माघात चिंचघोळाचे पालक शाळेतल्या सगळ्यांना पोपटीचं जेवण देतात. मुख्याध्यापिका, गुरुजी, शिपाई, खिचडी शिजवणाऱ्या मावशी, सगळे एका रांगेत बसतात. मध्यंतरी एकदा पालक समितीत केटररची गोष्ट निघाली होती. पुलाव, गुलाबजाम, खुर्च्या. म्हाताऱ्यांनी विरोधही केला नाही. नुसतं एक झाकलेलं मडकं सभेत आणून ठेवलं. आजही ते मडकं गावातली सगळ्यांत नवी सून दारोदार नेते आणि पाठ करून बसते. आत कोणी काय टाकलं हे कुणी विचारत नाही. मडकं मग टेकडीवर फोडतात. आणि पहिला घास उचलायच्या आधी, कितीही लाजरी असली तरी, त्या सुनेला शाळेच्या माणसांसमोर उभं राहून ठकूचं वाक्य म्हणावं लागतं. त्या दिवशी ठकू पदर सावरून पुढे झाली होती आणि थांबलेल्या त्या हाताकडे बघत म्हणाली होती,

“मास्तर, आमचं बियानं तुमच्या शाळेत बसलंय. या नुसत्या शेंगा हायेत. निवतायत, खावा.”